वाकणाऱ्या पत्र्याचे गणित

लेथवर कातलेला २५ मिलिमीटरचा दांडा मायक्रोमीटरमध्ये धरला की त्याचे माप एका आकड्यात हाती येते. आडवा ठेवून मोजा की उभा धरून मोजा, आकडा तोच. प्रेसमधून निघालेल्या गाडीच्या दरवाज्याच्या पत्र्याचे तसे नाही. ०.८ मिलिमीटर जाडीचा तो पत्रा टेबलावर ठेवला की स्वतःच्या वजनाने बसतो, भिंतीला टेकवला की वेगळाच झुकतो आणि फिक्श्चरमध्ये क्लॅम्प लावून धरला की तिसराच आकार घेतो. यातला खरा आकार कोणता, हे पत्रा सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते. म्हणून अशा भागाच्या ड्रॉइंगवर कोणते माप मोकळ्या स्थितीत घ्यायचे आणि कोणते धरलेल्या स्थितीत, हे आधी लिहावे लागते. लवचीक भागांसाठी आयएसओ १०५७९ हे स्वतंत्र मानक झाले ते याचसाठी.

एकाच डायमधून एकामागून एक निघणाऱ्या अशा भागांचे पृष्ठभाग एकमेकांपासून कसकसे वेगळे निघतात, आणि भाग एकमेकांना जोडल्यावर त्या वेगळेपणाचे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे. संख्याशास्त्र आणि वाकणाऱ्या वस्तूंचे यंत्रशास्त्र इथे एकत्र येतात. एकट्या संख्याशास्त्राने हा प्रश्न सुटत नाही आणि एकट्या यंत्रशास्त्रानेही सुटत नाही.

ताठर भागांचे गणित डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही येते. एकापुढे एक रचलेल्या चार भागांना प्रत्येकी ±०.५ मिलिमीटर सूट दिली, तर सगळ्याच चुका एका बाजूला गेल्यावर जोडणीत ±२ मिलिमीटर फरक पडेल. पण चारही चुका एकदम एकाच बाजूला जाण्याचा योग क्वचित येतो, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे, की ±१ मिलिमीटर येते. कारखान्यातला बराचसा टॉलरन्सचा हिशेब अजून याच दोन रीतींवर चालतो. दोन्ही रीतींनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, की कोणताही भाग दुसऱ्यासाठी वाकत नाही.

पत्रा मात्र वाकतो, आणि हे पाहायला मोटारीच्या कारखान्यातच जायला हवे असे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढले आणि सावित्री नदीच्या दक्षिणेला दापोली-मंडणगडचा किनाराही त्याने झोडपून काढला. दापोली तालुक्यातल्या केळशीत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले. त्यानंतर गावात जी छपरे पुन्हा चढली, त्यांतल्या एखाद्या पत्र्याच्या छपराखाली उभे राहून वर पाहा. पन्हळी पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, पन्हळीची खोली सुमारे १८ मिलिमीटर, एका पन्हळीपासून दुसरी सुमारे ७५ मिलिमीटरवर. तेवढ्याच जाडीच्या सपाट पत्र्याशी तुलना केली तर लांबीच्या दिशेने हा पत्रा सुमारे २ हजार पट ताठ भरतो. रुंदीच्या दिशेने मात्र तो सपाट पत्र्यापेक्षाही किंचित मऊ असतो. एकाच वस्तूच्या या दोन दिशा चुकीला दोन वेगळी उत्तरे देतात.

छप्पर बसवणारा फॅब्रिकेटर हे हातांनी जाणतो. रुंदीत चार-पाच मिलिमीटर कमी भरले तर पत्रा ओढून पसरता येतो, त्याची काही तक्रार नसते. पण मधले पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारा आडवा वासा, बाकीच्या दोहोंपेक्षा १ सेंटिमीटर खाली गेलेले असेल तर जे-हुकाचा नट आवळत आवळत पत्रा खाली खेचावा लागतो. पर्लिने १.२ मीटर अंतरावर आणि पत्रा ८० सेंटिमीटर रुंद धरून हिशेब केला, तर त्या एका सेंटिमीटरसाठी सुमारे १२ किलो वजनाइतके बळ लागते. नट आवळला की फट मिटते आणि छप्पर दिसायला सरळ होते. पण ते १२ किलो मधल्या हुकांवर दिवसरात्र तसेच राहतात. चूक नाहीशी झालेली नसते. अंतराच्या रूपातली चूक बळाच्या रूपात गेलेली असते.

एवढ्याने छप्पर उडते का? नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढायचे जे सूत्र आहे, त्याप्रमाणे सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला ९६० न्यूटन, म्हणजे जवळपास १०० किलोंचा दाब देतो. कडांना आणि कोपऱ्यांना उचल त्याहून जास्त धरावी लागते. त्यापुढे आपले १२ किलो थोडेच. तेव्हा उडालेल्या छपराचे खापर बसवणाऱ्याच्या माथी फोडण्यात अर्थ नाही. पण दुसरी बाजूही आहे. १९७४ च्या नाताळच्या दिवशी ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा नंतरच्या तपासात दिसले की अनेक छपरांचे पत्रे एका झटक्यात तुटले नव्हते. वाऱ्याच्या झोतांनी ते पुन्हा पुन्हा वर-खाली होत राहिले आणि खिळे-स्क्रूंच्या भोवती चिरा पडून फाटले. असे थकून तुटणारे ठिकाण जिथे असते, तिथे आधीपासून किती ताण अडकलेला आहे हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

पिंपरी-चाकणच्या बॉडी शॉपमध्ये हीच घटना प्रत्येक गाडीत पुन्हा पुन्हा घडते. भाग फिक्श्चरवर ठेवायचे, क्लॅम्प लावून ठरल्या जागी आणायचे, स्पॉट वेल्डिंग करायचे आणि क्लॅम्प सोडायचे. क्लॅम्प सुटला की जोड थोडा उसळतो आणि नव्या जागी स्थिरावतो. शॉपमध्ये याला स्प्रिंगबॅक म्हणतात. तो किती येईल हे लोक अनुभवाने सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. पण नव्या मॉडेलच्या पहिल्या शंभर बॉडी निघायच्या आधी ते कोणी सांगू शकत नाही. गणित लागते ते तिथे.

सगळ्यात साधे उदाहरण सोडवून पाहू. एका बाजूला १.६ मिलिमीटर जाडीचा आतला आधार, दुसऱ्या बाजूला ०.८ मिलिमीटरचे पॅनेल, दोघांच्या कडा एकमेकींवर ठेवून वेल्ड करायच्या. आकार आणि आधाराची जागा सारखी असेल तर वाकण्यातली ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जाड पत्रा पातळ पत्र्याच्या ८ पट ताठ. सोडल्यावर जोड जिथे थांबेल ती जागा म्हणजे जाड पत्र्याच्या चुकीचा ८/९ भाग आणि पातळ पत्र्याच्या चुकीचा १/९ भाग यांची बेरीज. दोघांच्याही चुकीचे प्रमाण विचलन ०.९ मिलिमीटर असेल आणि चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर जोडाचे प्रमाण विचलन ०.८१ मिलिमीटर येते. दोन्ही पत्रे सारख्या जाडीचे असते तर ०.६४ आले असते. आणि हेच दोन भाग ताठर समजून जुन्या रीतीने हिशेब केला असता, तर १.२७.

हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून थोडा वेळ त्यांच्याकडे पाहावे, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. जोडलेली वस्तू तिच्या सुट्या भागांपेक्षा अचूक निघू शकते, हे ताठर भागांच्या गणितातून कधीच निघत नाही. १९८० साली जपानच्या ताकेझावा यांनी मोटारीच्या बॉडीच्या प्रत्यक्ष मापांवरून हेच दाखवले, की पत्र्याच्या जोडणीत प्रचरणांची बेरीज करण्याचा नेहमीचा नियम चालत नाही. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. पातळ पॅनेलच्या कडेवर कडक टॉलरन्स लावून पुरवठादाराचा माल परत पाठवत राहिलो तर पैसा जातो आणि हाती फारसे काही येत नाही, कारण जोडाची जागा मुळात जाड भाग ठरवत असतो. तोच पैसा जाड भागाच्या डायवर आणि फिक्श्चरवर घालावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकन मोटार कंपन्यांबरोबर जो प्रकल्प चालवला, त्याचे उद्दिष्ट बॉडीवरच्या मोजणीच्या बिंदूंचा फरक, सहा सिग्मा धरून, २ मिलिमीटरच्या आत आणणे हे होते. त्याला नावही ‘दोन मिलिमीटर’ असेच पडले. त्या कामातून चुकीचा माग काढत मूळ स्टेशनापर्यंत पोचायच्या पद्धती तयार झाल्या.

आतापर्यंत कडेवरचा एकच बिंदू धरला. खरी कड लांब असते, आणि विषयाचा गाभा इथे आहे.

एक मीटर लांबीची कड घ्या. समजा ती सरळ रेषेपासून जास्तीत जास्त १ मिलिमीटर सुटते. मोजणीच्या कागदावर नोंद होईल, ‘१ मिमी’. पण ती एकाच लांब तरंगात सुटली आहे की चार आखूड तरंगांत? वाकलेल्या पट्टीला सरळ करायला दर सेंटिमीटरला लागणारे बळ तरंगाच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तरंग निम्म्या लांबीचा झाला की बळ १६ पट, पाव लांबीचा झाला की २५६ पट. कागदावरचा आकडा तोच, १ मिलिमीटर. एक कड बोटाने दाबून बसते आणि दुसरीला क्लॅम्पही पुरत नाही. म्हणून लवचीक भागाबद्दल ‘चूक किती?’ एवढेच विचारून थांबता येत नाही. चूक कोणत्या आकारात पसरली आहे, हे विचारावेच लागते. या पुस्तकात पुढे जे जे येते ते या एका प्रश्नातून येते.

केळशीला समुद्राकाठी वाळूची जी उंच टेकडी आहे, जिच्या थरांचा डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यास केला, तिच्यावर उभे राहिले की ही गोष्ट एका नजरेत येते. दुरून दिसतो तो टेकडीचा मोठा चढ-उतार. जवळ गेले की तिच्या अंगावर वाऱ्याने उठवलेल्या आखूड लाटा. गुडघ्यावर बसले की वाळूचा एकेक कण. तिन्ही उंचसखलपणे एकाच पृष्ठभागाचे आहेत, पण त्यांची कारणे वेगळी आणि त्यांचे परिणामही वेगळे. पत्र्याचे तसेच आहे. लांब पल्ल्याचा आकार बहुधा डाय, स्प्रिंगबॅक आणि कॉइलच्या लॉटमुळे येतो. मधल्या पल्ल्याचा तरंग पकडीमुळे, पत्रा ताणला जाण्यातल्या फरकामुळे. आणि बारीक खडबडीतपणा रोलिंग मिलमधून येतो, जो रंग धरण्यासाठी महत्त्वाचा, पण जोडणीच्या बळात त्याची गणना नसते. पल्ला आखूड होत जातो तशी चुकीची उंचीही सहसा कमी होत जाते, आणि बळ मात्र झपाट्याने वाढते. या दोघांच्या ओढाताणीत कोण जिंकते, हे तरंगांचा वर्णपट काढल्याशिवाय कळत नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा वर्णपट थेट फायनाइट एलिमेंट पद्धतीशी जोडून जोडणीतली बळे काढण्याचे काम झाले. मला ते या क्षेत्रातले सर्वांत समजूतदार काम वाटते, कारण त्यात मोजलेला पत्रा आणि संगणकातला पत्रा एकाच भाषेत बोलतात.

तरंगांचीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगता येते. पत्र्याच्या कडेवरचे दोन शेजारी बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एक अर्धा मिलिमीटर वर असेल तर त्याच्याशेजारी सेंटिमीटरभर अंतरावरचा बिंदू साधारण तितकाच वर असणार. पत्रा मध्येच तुटलेला नाही. नवशिके हे विसरतात. फायनाइट एलिमेंटच्या जाळीतल्या प्रत्येक गाठीला संगणकाकडून एकेक सुटी यादृच्छिक चूक देतात. मग पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखी कड उभी राहते, जी कोणत्याच प्रेसमधून निघालेली नाही, आणि तिला सरळ करायचे बळ अवाच्या सवा येते. बिंदूंच्या चुका एकमेकींना किती धरून चालतात याचा तक्ता, म्हणजे सहप्रचरणाचा मॅट्रिक्स, हिशेबात आला की बळ जमिनीवर येते. हे धरून चालणे दोन प्रकारचे असते. एक भूमितीचे: पृष्ठभाग अखंड आहे म्हणून. दुसरे ताठरतेचे: एका बिंदूला दाबले की शेजारचा हलतो म्हणून. १९९८ च्या सुमारास मर्क्ली यांनी आपल्या प्रबंधात हे दोन्ही वेगळे करून मांडले, आणि माझ्या मते नव्या वाचकाने हा भेद पहिल्याच दिवशी पक्का करावा. पहिल्याला मोजणी लागते. दुसरा मोजावा लागत नाही, तो ताठरतेच्या मॅट्रिक्समध्ये आधीच बसलेला असतो.

एकत्र चालणाऱ्या मापांचा हा प्रश्न भारतीय संख्याशास्त्राला नवा नाही. माणसाच्या शरीराची मापे घेताना तोच आडवा येतो. उंच माणसाचा हातही बहुधा लांब असतो, म्हणून दोन मापे दोन स्वतंत्र साक्षी धरता येत नाहीत. अशा मापांच्या दोन संचांतले अंतर कसे काढायचे, याचे महालनोबिस यांनी १९३६ साली दिलेले उत्तर आज जगभर त्यांच्याच नावाने वापरले जाते. महाराष्ट्रातल्या शरीरमापनांवरचा इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला. इरावतीबाईंचे सासर मुरुडचे कर्वे, केळशीच्याच तालुक्यातले. आणि १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे अंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे. हा किनारा गणिताला परका नाही, एवढेच या निमित्ताने नोंदवतो.

महालनोबिस अंतराचा पत्र्यावरचा उपयोग पाहा. कडेवर दहा बिंदू, प्रत्येकाला ±०.५ मिलिमीटर सूट. एका पत्र्याचे दहाही बिंदू +०.४ वर आले. दुसऱ्याचे +०.४, –०.४, +०.४, –०.४ असे आलटून पालटून आले. तपासणीत दोन्ही पास. पण पहिला आकार रोजचा आहे, सगळा पत्रा थोडा वर बसला इतकेच. दुसरा आकार या डायने आजवर दिलेला नाही. महालनोबिस अंतर काढले तर पहिला पत्रा गर्दीच्या आत राहतो आणि दुसरा दूर फेकला जातो. काहीतरी बिघडले आहे हे एकही बिंदू मर्यादेबाहेर जाण्याआधी कळते.

महाराष्ट्रात या क्षेत्राला लागणारे सगळे आहे, असे माझे मत आहे. फक्त ते एका टेबलाशी बसलेले नाही. सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाचे जनक शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले. व्ही. एस. हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. १९६६ मध्ये सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्यात काम सुरू केले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी टूल रूम आणि प्रशिक्षणावर भर दिला. १९९८ साली इंडिका ही मोटार आली तेव्हा तिच्या डायमागे त्या दीर्घ तयारीचे पाठबळ होते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात विमाने बनतात, जिथे पत्रा बळाने ओढून बसवण्यापेक्षा फटीत शिम घालणे पसंत करतात, कारण अडकलेला ताण तिथे जिवावर बेतू शकतो. इतके असूनही आपल्या पुरवठादारांकडे पॅनेलच्या तपासणीचे जे ढीग साठतात, त्यांतून बहुतेक वेळा पास की नापास एवढेच उरते. बिंदूंची मापे एकमेकांशेजारी, त्याच पत्र्याच्या नावाने जपली जात नाहीत. सरासरी उरते, प्रमाण विचलन उरते, पण कोणता बिंदू कोणाबरोबर वर गेला होता ही माहिती पुसली जाते, आणि ती नंतर कोणत्याही गणिताने परत आणता येत नाही. या पुस्तकामुळे एखाद्या क्वालिटी विभागाने जरी ही माहिती जपायला सुरुवात केली, तरी लिहिण्याचे श्रम भरून पावले असे मी समजेन.

वाचायला फार मोठी तयारी लागत नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार, बीमच्या वाकण्याचे सूत्र आणि स्प्रेडशीट चालवण्याची सवय असली की पहिली चार प्रकरणे कोणालाही जमतील, आयटीआयमधून आलेल्या फिटरलाही. वेल्डिंगच्या क्रमाचे प्रकरण तर त्यालाच इंजिनिअरपेक्षा लवकर कळेल. मात्र वाचण्याआधी एक मोजणी स्वतः करा.

एकाच लॉटमधल्या मीटरभर लांबीच्या वीस पोलादी पट्ट्या घ्या. प्रत्येक पट्टी दोन टोकांना आधार देऊन सरफेस प्लेटवर ठेवा आणि दर दहा सेंटिमीटरवर डायल गेज हलकेच टेकवून वाचन लिहा. एका पट्टीची एक ओळ, एका जागेचा एक रकाना. स्वतःच्या वजनाने पट्टी खाली झुकेल, पण ते झुकणे सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखे असते. प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा केली की ते निघून जाते आणि पट्टीपट्टीतला फरक उरतो. मग मधल्या रकान्याचा त्याच्या शेजारच्याशी, त्यापलीकडच्याशी, असा एकेक करून सहसंबंध काढा. तो कुठवर एकच्या जवळ राहतो आणि किती सेंटिमीटरवर निम्म्याखाली उतरतो, तो आकडा वहीत लिहून ठेवा. दुसरे प्रकरण त्याच आकड्यापासून सुरू होते.